थेंब, चमचा की कप?

"किती होते ताई? थेंब, चमचा की कप?"

एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने मला हे फोनवर विचारलं, तेव्हा मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये आमच्या गाळ्याच्या मागच्या बाजूला, ब्याडगी मिरचीच्या पोत्यांच्या आडोशाला उभी होते. अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं, मी कोणाला सांगितलंच नव्हतं. मी जरा विचार केला आणि शेठना मालाची आवक सांगते त्या सुरात सांगून टाकलं, "साध्या शिंकेला चमचा. मिरचीच्या शिंकेला पाव कप."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. हसल्याचा आला नाही.

त्या गाळ्यात मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. आधी वहीत लिहायचे, आता कॉम्प्युटरवर. फेब्रुवारीत नवी मिरची यायला लागते. मार्च-एप्रिलमध्ये आगरी-कोळी बायका वर्षाचा मसाला करायला घोळक्याने येतात. ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर, काश्मिरी, प्रत्येकीचं प्रमाण ठरलेलं. पोतं उघडा, हात घालून तळची मिरची वर काढून दाखवा, देठ मोडून बघा, असं दिवसभर चालतं आणि खकाणा हवेत बसलेला असतो. नवीन माणूस पहिले आठ दिवस शिंकतो, मग त्याला सवय होते. मला काही ती झाली नाही. आणि चाळिशीनंतर प्रत्येक शिंकेबरोबर लघवी व्हायला लागली.

दुसरं बाळंतपण चिमटा लावून झालेलं. मुलगा चांगला चार किलोचा. त्याआधी सासरी ओतूरकडे विहिरीवरून हंडे वाहिलेले. हे सगळं एका रेषेत येतं, ते मला टीव्हीवरच्या आजारांच्या एका कार्यक्रमात गेले तेव्हा कळलं; फोनवरची ती मुलगी त्याच कार्यक्रमाची. तोवर माझी समजूत अशी की माझ्यातच काहीतरी सैल आहे. स्वभाव सैल असतो तसं.

लपवायचं म्हटलं की किती कामं वाढतात ते लपवणाऱ्यालाच माहीत. फिक्या साड्या बंद केल्या. परकर काळे शिवून घेतले. जुन्या सुती साडीच्या घड्या, मग पॅड. पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, पॅड चालूच राहिले. एकदा सूनबाईला कपाटात पाकीट दिसलं. "आई, तुमचं अजून चालू आहे?" मी म्हटलं, "हो गं, माझं जरा लांबलंय." झालं. त्या एका 'हो'ने पुढची तीन वर्षं मला खोटी पाळी पाळावी लागली. गौरीला गावी गेलो तर जाऊबाईंनी सुनेकडून ऐकलेलंच होतं. त्यांनी हळूच विचारलं, "तुझी तारीख कधीची?" मी तारीख सांगताना चुकले आणि ती नेमकी गौरीजेवणाची निघाली. एक्कावन्न वर्षांची मी पडवीत चटईवर बसून राहिले, आतून घावन-घाटल्याचा वास येत होता आणि सोळा भाज्यांपैकी एकीलाही माझा हात लागला नाही. लघवी गळते हे सांगण्यापेक्षा विटाळ पाळणं मला सोपं वाटलं. आता लिहितानाही हसू येतं. तेव्हा नव्हतं येत. हसायचीही चोरी होती, कारण मोकळं हसलं तरी तेच व्हायचं.

डॉक्टरकडे गेले नाही असं नाही. एकदा गेले. पडदा होता, पण पडद्याच्या अलीकडे पुढचे दोन पेशंट स्टुलांवर बसलेले. डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवलं आणि विचारलं, "बोला, काय होतंय?" मी म्हटलं, "कंबर दुखते." कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी आले. डॉक्टरांना दोष देत नाही. मी कंबर म्हटलं, त्यांनी कंबर लिहिलं. पुढे एका डॉक्टर बाईंना जीव मुठीत धरून खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "या वयात होतंच असं." म्हणजे होतं हे खरं, पण त्याला काही करायचं असतं की नाही, ते राहिलंच.

कार्यक्रमाची पट्टी टीव्हीच्या खालच्या बाजूने सरकत होती. कोणालाही न सांगितलेला आजार आम्हाला सांगा, आमचे डॉक्टर उपचार करतील, खाली व्हॉट्सॲप नंबर. मी पोळ्या करता करता तो नंबर डब्याच्या झाकणावर पिठाच्या बोटाने लिहून ठेवला. मेसेज लिहायला तीन दिवस लागले. चार ओळी लिहायचे आणि पुसायचे. शेवटी लिहिलं, "शिंकल्यावर लघवी होते." तीन शब्द. पाठवला आणि फोन उशीखाली ठेवला, जणू तो आता घरभर ओरडत सुटणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीचा फोन आला. को-ऑर्डिनेटर म्हणतात तिला. तिने एकापाठोपाठ एक विचारलं. कधीपासून? चढताना होतं का? नळाचा आवाज ऐकून घाई लागते का? दाराला किल्ली लावताना थांबवता येत नाही, असं होतं का? रात्री किती वेळा उठता? मी तिथंच पोत्याला टेकून उत्तरं देत गेले. किल्ली लावताना घाई होते हे मला वाटायचं फक्त माझंच. तिच्या कागदावर त्याचा रकाना होता. माझ्या लाजेला रकाना आहे म्हटल्यावर अर्धी लाज तिथंच गेली. पुढे टीव्हीवर जे काही झालं त्यापेक्षा ही वीस मिनिटं मला मोठी वाटतात.

मग तिने व्हिडिओ मागितला. मोबाइल आडवा, उजेड समोरून, दोन मिनिटं. घरी शूट करायचा तर आवाज बाहेर जायला नको म्हणून मी मिक्सर चालू ठेवून बोलले. "ताई, नुसती चटणी ऐकू येतेय," असं तिचं उत्तर. दुसरा गाळ्याच्या पोटमाळ्यावर केला. मध्येच मला शिंक आली, मी पाय आवळून थांबले, चेहरा वाकडा झाला, पुन्हा बोलायला लागले. तो त्यांच्या टीमला एवढा आवडला म्हणे की निवड त्यावरच झाली.

पुढचा टप्पा कागदांचा. फॉर्म सहा पानांचा, इंग्रजी. मी बी.कॉम. आहे, पण ते इंग्रजी वेगळंच. त्या को-ऑर्डिनेटर मुलीला फोनवर एकेक कलम मराठीत सांगायला लावलं. तपासणी, चाचण्या आणि 3 महिन्यांचं फिजिओ त्यांच्या खर्चाने; ऑपरेशन लागलं तर बांधील नाहीत. शूटिंग होईपर्यंत माघार घेता येते, नंतर नाही. आणि चित्रण कुठल्याही माध्यमात, कितीही वेळा, कायम. मी विचारलं, "कायम म्हणजे?" ती म्हणाली, "ताई, यूट्यूबवर असतं तसं." माझा नातू तेव्हा दोन वर्षांचा. तो कॉलेजात जाईल तेव्हाही आजी शिंकतच असेल. त्या कलमावर सही करताना माझं पेन थांबलं होतं, हे कबूल करते. ज्यांना असा कागद समोर येईल त्यांनी हे कलम मोठ्याने वाचून घ्यावं.

चेहरा झाकायचा का, हा पर्याय होता. धूसर करतात, आवाजही बदलतात. मी नको म्हटलं. बातम्यांत चेहरा झाकलेला माणूस एक तर आरोपी असतो, नाहीतर त्याच्यावर कोणीतरी अत्याचार केलेला असतो. माझ्याकडून काही गुन्हा झाला नव्हता आणि माझ्यावरही कोणी काही केलं नव्हतं. ते म्हणाले, "घरचं कोणी येईल का सोबत?" मी म्हटलं, नाही. घरी मी सांधेदुखीवरचा कार्यक्रम आहे असं सांगून निघणार होते.

शूटिंगच्या आधी तीन दिवस एक तक्ता भरायचा होता. किती वाजता किती प्यायलात, किती वाजता किती लघवी झाली, किती वेळा गळली, तेव्हा काय करत होता. मापाचं प्लास्टिकचं भांडं पिशवीत घेऊन मी तीन दिवस गाळ्यात गेले आणि आवक-जावक लिहिली. तक्ता बघून मलाच कळलं की दिवसभरात मी जेमतेम तीन कप पाणी पिते आणि पाच कप चहा. गळू नये म्हणून पाणी तोडलं होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे उलटं पडतं. लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, घाई वाढते, वर संसर्गाचा धोका. चहातलं कॅफिन त्यात भर घालतं. अकरा वर्षं मी आगीवर तेल ओतत होते, तेही आलं-वेलची घालून.

स्टुडिओ ठाण्यात, घोडबंदर रोडवर. मराठी मालिकांची शूटिंगं त्या भागात बरीच चालतात. कोपरखैरण्याहून लोकलने ठाणं, तिथून रिक्षा. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्या डोक्यात गावाचा वेगळाच नकाशा असतो. कुठल्या स्टेशनला कुठल्या टोकाला शौचालय, कुठल्या मॉलमध्ये तळमजल्यावर, कुठल्या हॉटेलात चहा न घेता जाऊ देतात. घोडबंदर रोडचा माझा नकाशा कासारवडवलीपर्यंतच होता. पुढे ट्रकांची रांग लागली, रिक्षा पाऊण तास जागची हलेना. तिथे मनात आलं की लघवीवर ताबा नाही हे सांगायला निघालेली बाई वाटेतच पुरावा देणार बहुतेक.

पोचले. मेकअप रूममध्ये एसी असा की मटार गोठतील. तिथे आम्ही चौघं होतो.

एक निवृत्त गुरुजी, पालघरकडचे, धोतर-टोपीतले. त्यांना अंडवृद्धी, म्हणजे अंडकोश सुजून मोठा झालेला. चौदा वर्षं. एक डोंबिवलीचा मुलगा, हातांना घाम. कपाळाला येतो तसा नाही, टपटप गळणारा. बँकेत अंगठा उमटत नाही, परीक्षेत उत्तरपत्रिका भिजून फाटते, कोणाशी हात मिळवता येत नाही. आणि हनुवटीवर दाट केस येणारी एक मुलगी, जी रोज पहाटे दाढी करून सहा चाळीसची लोकल पकडायची. ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "चेहरा तर सगळे बघतातच. आता कारण तरी बघू देत."

शूटिंग उशिरा सुरू होणार होतं आणि एकमेकांचे आजार ओठांवर होते, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. लोकलच्या लेडीज डब्यातही बायका सगळं सांगतात असं म्हणतात. सासू सांगतात, नवरा सांगतात, पाळीसुद्धा सांगतात. हे नाही सांगत. मी वीस वर्षं त्या डब्यात उभी आहे, लघवी गळते असं वाक्य मी कधी ऐकलं नाही. इथे पंधरा मिनिटांत गुरुजींनी मला विचारलं, "तुमचं काय हो बाई?" आणि मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पटावरचं नाव वाचून दाखवावं तशी.

को-ऑर्डिनेटर मुलगी चहा घेऊन आली. मी चहा नको म्हटलं, तक्त्यापासून धसका घेतला होता. ती सांगायला लागली की अशा कार्यक्रमांचं मूळ इंग्लंडात. चॅनल 4 वर 2007 पासून 'एम्बॅरसिंग बॉडीज' नावाची मालिका चालायची, लोक डॉक्टरांसमोर कॅमेऱ्यात कपडे उतरवून दाखवायचे. गुरुजींनी लगेच शंका काढली. "तिकडे सरकारी दवाखाना फुकट ना? मग आम्ही गरजू म्हणून आलो, ते कशाला गेले?"

"काका, तेच तर मला पण कळत नाही," मुलगी म्हणाली. "इथे आम्हाला वाटतं लोक फुकट उपचारासाठी येतात. पण तेवढंच नाही."

"लिहून विचारायची पद्धत आपल्याकडे जुनी," गुरुजी म्हणाले आणि वर्गात शिरल्यासारखे सुरू झाले. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, 1953 पर्यंत चालवलं. त्यात वाचक लाजेकाजेचे प्रश्न विचारायचे आणि कर्वे छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. खटला हरले. मासिक तरीही काढत राहिले. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला आठवले ते मुंबईच्या इंग्रजी पेपरात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देणारे डॉ. महिंदर वत्स. आमचे हे कंपनीच्या बसमध्ये ते सदर वाचून यायचे आणि घरी कधी काय वाचलं ते सांगायचे नाहीत. ते डॉक्टर 2020 च्या डिसेंबरात 96 व्या वर्षी गेले.

"पण पत्रात नाव नसतं गुरुजी," घामवाला मुलगा म्हणाला. "इथे तोंड दिसणार."

"तेच हवंय ना तुला?"

मुलगा जरा गप्प राहिला. हातातला रुमाल पिळून त्याने बादलीत पाणी काढलं. खरंच पाणी काढलं, मी बघितलं. मग म्हणाला, "घरी सगळे म्हणतात, तू घाबरट आहेस म्हणून घाम येतो. आईने दहा वेळा सांगितलं, ध्यान कर. मी दहा वेळा सांगितलं, हा आजार आहे. नेटवर दाखवलं. ती म्हणते, नेटवर काहीही असतं. टीव्हीवरच्या डॉक्टरने सांगितलं ना, तर ऐकेल. रोज संध्याकाळी सात ते दहा ती टीव्हीचंच ऐकते."

गुरुजींचं कारण वेगळं. "गावात कळेल म्हणून चौदा वर्षं घाबरलो," ते म्हणाले. "मग एक दिवस देवळाच्या पायऱ्या उतरताना हिशेब केला. कळायचं राहिलंय कोणाचं? सगळ्यांना दिसतंय. त्यांना माहीत आहे हे मला माहीत नाही, असं ते दाखवतात आणि मीही तसंच दाखवतो. दोन्हीकडून एवढी मेहनत! म्हटलं, एकदा त्यांचीही सुटका करू."

मी मात्र त्या मुलाच्या बोलण्यावर अडकले होते. सगळ्या महाराष्ट्राला सांगायची मला काही हौस नव्हती. मला एका माणसाला सांगायचं होतं, आणि तो माझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर, तीस वर्षं बसत होता. घरात तोंड उघडून सांगायला गेलं की आधी स्वर सापडत नाही. स्वयंपाकघरातून सांगायचं? अंथरुणात? चहा देताना? आणि सांगितल्यावर तो काय म्हणेल, मग मी काय म्हणायचं, त्या सगळ्याचा भार माझ्यावर. टीव्हीवर दुसरंच कोणीतरी विचारतं, डॉक्टर नाव देतात, आणि ऐकणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही. हे मला तिथे बसल्यावर कळलं. निघताना विचारलं असतं तर मीही "फुकट उपचार" असंच सांगितलं असतं.

शूटिंगचं थोडक्यात सांगते, कारण ते तसंही थोडक्यातच झालं. साडीच्या काठाला माइक लावला. चार कॅमेरे. निवेदिका गोड, डॉक्टर बाई खरोखरच्या चांगल्या. मी आधी जे बोलले ते सरळ होतं: शिंक, मिरची, पॅड, गौरी. गौरीचं सांगताना घसा दाटला आणि मी थांबले. तेवढ्यात हेडफोनवाल्या दिग्दर्शकाने हात वर केला. ट्रकच्या हॉर्नचा आवाज आला होता. "ताई, फक्त तो पॉज परत द्या ना. तसाच." दुसऱ्यांदा मी पडवी सांगितली, थांबले, डोळ्यांना पदर लावला. रडू आलेलं नव्हतं. टीव्हीवर लागलं ते हेच. बघणाऱ्यांना नेमकं तेच सगळ्यात खरं वाटलं, असं नंतर तिघींनी सांगितलं.

तपासणी वेगळ्या खोलीत, कॅमेऱ्याशिवाय. उभं राहून खोकायला सांगितलं. खोकले, झालं जे व्हायचं ते. डॉक्टर म्हणाल्या, "छान." या गोष्टीला छान म्हणणारी पहिली बाई! मग आतून तपासताना म्हणाल्या, "लघवी मध्येच थांबवायची असेल तर काय आवळाल, ते आवळा." मी जोर लावला. "हे तर तुम्ही खाली ढकलताय. वर ओढा. लिफ्टसारखं." निम्म्या बायका ढकलतातच, असं त्या म्हणाल्या. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, मूत्राशय तिच्यावर विसावलेलं. बाळंतपणात ती ताणते, पाळी गेल्यावर आणखी ढिली पडते, बद्धकोष्ठ, वजन, जुना खोकला तिला आणखी ओढतात. व्यायामाचं नाव केगल. अमेरिकेतल्या एका डॉक्टरच्या नावावरून पडलेलं, 1948 पासूनचं. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधीपासून उपाय होता. रोज तीनदा, दर वेळी किमान आठ आवळण्या, आणि निदान तीन महिने तरी केल्याशिवाय बोलायचं नाही. लघवी करताना थांबवून बघणं हे स्नायू ओळखण्यापुरतं, रोजचा व्यायाम तसा करायचा नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. सगळ्यात उपयोगी पडली ती ही शेवटची युक्ती.

वाशीला फिजिओ मिळाली. कोपरखैरणे ते तुर्भे लोकलला एकच स्टेशन, तेवढ्यात आठ आवळण्या होतात. समोर बसलेल्या बाईला वाटत असणार, ही रोज या वेळेला काय एवढा गहन विचार करते.

भाग लागला मार्चमध्ये, रविवारी दुपारी. मी नातवाला घेऊन खाली जाणार होते, पण तो झोपला आणि मी अडकले. हे, मुलगा, सून, सगळे समोर. "सांधेदुखी ना आई?" सून म्हणाली आणि आवाज वाढवला. पडद्यावर आमचा गाळा आला, पोती आली, मग मी. पहिल्याच वाक्याला मुलाने मोबाइल उलटा ठेवला. गौरीची गोष्ट आली तेव्हा सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच आवाज कमी केला. का, ते तिलाच माहीत. कमी आवाजात ते आणखीच ठळक ऐकू आलं.

जाहिराती लागल्या तसे हे उठून गॅलरीत गेले. मीही गेले. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी धूत होतं. बराच वेळ हे त्या पाण्याकडे बघत राहिले.

"म्हणजे जेजुरीला तू पायऱ्यांशी थांबलीस ते..."

"हो."

"आबांच्या वर्षश्राद्धाला आली नाहीस?"

"चार तासांची एसटी."

"दिनूच्या लग्नात लवकर निघालो, मी भांडलो होतो."

"हो, तेव्हा पण."

त्यांनी आणखी दोन-तीन काढली. एक तर मी विसरलेही होते. मी मानी आहे, सासरच्या माणसांत मिसळत नाही, असं त्यांनी अकरा वर्षं मनात लिहून ठेवलं होतं आणि आता उभ्या उभ्या एकेक नोंद खोडत होते. शेवटी म्हणाले, "मला सांगायचंस की." मी म्हटलं, "सांगितलं ना आत्ता." त्यावर ते आत गेले, कारण जाहिराती संपल्या होत्या.

मार्केटमध्ये दोन दिवस पोरांनी मला बघून खोट्या शिंका दिल्या. यूट्यूबवर कार्यक्रमवाल्यांनी माझ्या पदर लावलेल्या चेहऱ्यावर लाल बाण काढून वर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. त्या बाणाचा मला अजून राग आहे. मेकअप रूममधल्या त्या मुलाचा मेसेज आला की पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून हलका वीजप्रवाह सोडण्याचा उपचार सुरू झालाय, आणि आई स्वतः सोबत येते. शेठ काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझं टेबल मिरचीच्या बाजूकडून उचलून धण्यांच्या बाजूला गेलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "इथे उजेड जास्त आहे." उजेड तिकडेच जास्त होता.

आता तीन महिने पूर्ण झालेत. साध्या शिंकेचं गळणं जवळपास थांबलंय. मिरचीच्या शिंकेचं थेंबावर आलंय, सर्दी असेल तर चमचा. डॉक्टर म्हणाल्या, अजून तीन महिने करा, मग बघू. लागलं तर पुढचे उपाय आहेत. पॅड अजून पर्समध्ये असतो. सूनबाई महिन्याच्या सामानात तो स्वतःच लिहिते.

मे महिन्यात ओतूरला गेलो, कल्याणहून एसटीने. माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण, त्यावर ह्यांचं कुरकुरणं नेहमीचं. मुरबाडला गाडी थांबली. मी खिडकीत बसून होते, तेवढ्यात हे खाली उतरले आणि रसवंतीवाल्याला, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बायकांचं कुठंय हो इथं?" दोन बाया वळून बघायला लागल्या. मग खिडकीखाली येऊन मला म्हणाले, "चल, पर्स दे माझ्याकडे. कंडक्टरला सांगितलंय, थांबतो म्हणाला."

मला लागली नव्हती. तरी मी गेले. आले तेव्हा हे माझी लाल पर्स छातीशी धरून दाराशी उभे होते.